परीक्षक क्रमांक तीन

"केतकी, अकराच का गं?"

फोनवर सबनीस सर होते. पाच वर्षांनी त्यांचा आवाज ऐकत होते. 'कशी आहेस, मुलगी किती मोठी झाली' ही दोन वाक्यं उरकून त्यांनी थेट हा प्रश्न टाकला. मी इचलकरंजीच्या आमच्या घराच्या गच्चीवर पापड उलटत होते.

"काय अकरा, सर?"

"अगं, आपलं ते प्रॉक्सीचं काम नव्हतं का? थांबलेल्या लोकांना अकरा-अकराच्या गटानं उठवायचं, ते. तो आकडा कुठून काढला होतास? दहा का नाही, सोळा का नाही? इथं एक जण विचारतोय."

"कोण?"

"आहे एक परीक्षक. नाव नाही, गाव नाही, नुसता क्रमांक तीन. खवचट माणूस दिसतो."

"आठवून सांगते, सर. फार दिवस झाले."

"सावकाश आठव. फक्त संध्याकाळपर्यंत सांग."

मला काही आठवायचं नव्हतं. तो प्रश्न त्याच दिवशी सकाळी मी विचारला होता. परीक्षक क्रमांक तीन म्हणजे मीच.

या गोष्टीला आता आठ वर्षं होतील.

प्रॉक्सी म्हणजे काय, हे मी सासूबाईंना एकदा सांगितलं होतं, तेच इथं सांगते. तुम्हाला इंटरनेटवरचं एखादं पान हवं असतं आणि ते दूर कुठंतरी असतं. मध्ये एक गडी बसवलेला असतो. तो जातो, पान आणतो, तुम्हाला देतो आणि एक प्रत आपल्या फळीवर ठेवतो. दुसऱ्या कुणी तेच मागितलं की फळीवरची काढून देतो. "म्हणजे वाचनालयातला शिपाई," सासूबाई म्हणाल्या. एवढं समजलं की पुरे.

'देवडी' नावाचा असाच एक प्रॉक्सी कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तयार झाला. चाळीस कॉम्प्युटरना मिळून एकच रडकी लाइन होती, म्हणून माईणकर नावाच्या प्राध्यापकांनी तो मुलांकडून लिहून घेतला आणि सगळ्यांसाठी खुला करून टाकला. कुणीही वापरावा, कुणीही आत डोकावून बघावं, कुणीही सुधारणा पाठवावी. पुढं देशोदेशीचे लोक तो वापरायला लागले, पण कारभार माईणकरांच्याच पद्धतीनं चालला. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. मास्तरांनी आयुष्यभर मुलांची जर्नलं तपासलेली. कोण कुणाचं जर्नल उतरवून काढतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. म्हणून देवडीला सुधारणा पाठवायची तर खाली एक ओळ लिहावी लागे: 'हे काम माझे आहे', आणि पूर्ण नाव. दुसऱ्याचं घेतलं असेल तर त्याचं नाव लिहायचं आणि त्याची संमती आणायची. चर्चा सगळी उघड्यावर, जगाला दिसेल अशी. फक्त तपासणाऱ्याचं नाव झाकलेलं असायचं, विद्यापीठाच्या पेपराला असतं तसं. आणि पाठवणारा ओळखीचा निघाला तर परीक्षकानं तो पेपर हातात घ्यायचा नाही.

त्या मंगळवारी सबनीसांची सुधारणा माझ्याकडे तपासायला आली. 'पाठवणाऱ्याशी ओळख आहे का?' या चौकोनात मी 'नाही' लिहिलं. इतक्या वर्षांत एखादं उत्तर मी इतक्या झटकन दिलं नसेल.

सुधारणा काय होती तेही सांगायला हवं, कारण सगळं भांडण तिच्यावरून होतं. एकाच पानासाठी एकाच वेळी पाचशे माणसं आली आणि ते पान फळीवर नसलं, तर देवडी पाचशे गडी धाडायचा. एकच पान आणायला पाचशे जण पळताहेत, असा वेडेपणा. सुधारणेत एकच गडी जायचा आणि बाकीचे थांबायचे. तो आला की सगळ्यांना वाटप. पण थांबलेल्यांना एकदम उठवलं की दारात चेंगराचेंगरी व्हायची आणि वाचवलेला वेळ तिथंच जायचा, म्हणून गटागटानं उठवायचं. गट किती जणांचा, हे शोधायला तीन आठवडे लागले होते. पुण्यातल्या कंपनीच्या चौथ्या मजल्यावर, सातव्या महिन्याचं पोट टेबलाला लागू नये म्हणून खुर्ची तिरकी करून, दोनशे पानी वहीत एकेक आकडा उतरवून ते तीन आठवडे मी काढले होते. आमच्या मशीनला बारा कोअर होते, म्हणजे बारा हात. एक हात दारात, नवीन येणाऱ्याला घ्यायला. उरले अकरा.

नंतर मी तो अकरा काढूनही टाकला होता. मशीनला जितके हात असतील त्यातून एक वजा, हे कोडनंच मोजावं, असं करून ठेवलं होतं. पण बाळंतपणाच्या रजेवर जाताना घाईत सबनीसांना जी प्रत दिली ती आधीची होती, अकरावाली. त्यांनी तीच उचलली, आणि पाच वर्षांनी जगापुढं ठेवली तेव्हाही अकरा जागच्या जागी. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात, ती त्यांनी खर्च केली नव्हती.

मी रजेवरून परत गेले तेव्हा हे काम त्यांच्या नावावर होऊन गेलं होतं. बंगळूरच्या एका मेळाव्यात त्यांनी त्यावर पाऊण तास भाषण दिलं होतं. मला दुसऱ्या टीममध्ये टाकलं होतं. मी विचारायला त्यांच्या केबिनमध्ये गेले, तर म्हणाले, "अगं, काम टीमचं असतं, केतकी," आणि मुलीसाठी आणलेलं झबलं-टोपडं माझ्या हातात ठेवलं. मी ते घेतलं, 'थँक्यू सर' म्हणून बाहेर आले. या एका गोष्टीचा राग मला माझाच येतो.

तीन महिन्यांनी नोकरी सोडली. काम कंपनीच्या मालकीचं, त्यामुळं मला ते बाहेर कुठं नेता येत नव्हतं. घरी बसून मी देवडीतल्या चुका शोधून मास्तरांना मेल करायला लागले. त्यांनी दोन वर्षांनी मला परीक्षक केलं. स्वतःचं असं मी तिथं काही कधी पाठवलं नाही. दुसऱ्यांचं तपासण्यातच मला बरं वाटायचं. आता कंपनीनं तो विभागच बंद केला होता, जुनं काम खुलं करून टाकलं होतं, आणि सबनीस ते घेऊन माझ्याच दारात उभे होते.

संध्याकाळी फोन करून मी त्यांना बारा हातांची गोष्ट सांगितली. अर्ध्या तासात चर्चेच्या पानावर त्यांचं उत्तर झळकलं: 'आमच्या प्रदीर्घ अभ्यासातून असे दिसून आले की एक कोअर मोकळा ठेवणे श्रेयस्कर.' मी लगेच खाली लिहिलं, 'मग सोळा कोअरच्या मशीनवर अकरा का?'

फोन वाजला.

"केतकी, हा प्राणी काही सोडत नाही बघ."

"काय झालं, सर?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. आकडा काढून मशीनकडूनच मोजून घेण्याची माझी जुनी ओळ मी त्यांना फोनवर अक्षर अन् अक्षर सांगितली, आणि ती त्यांच्या नावानं परत माझ्याकडे तपासायला आली. मी खाली 'ठीक' असा शेरा दिला.

बुधवारी दुपारी नवरा जेवायला घरी आला. सुहासचं मागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी वाढता वाढता हसत होते, ते त्याच्या लक्षात आलं.

"काय गं, कुणाचा फोन हुता मघाशी?"

"सबनीसांचा."

त्याचा घास हातातच राहिला. "त्यो? त्याचा कशाला फोन?"

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, भाकरी मोडली, आमटीत बुडवली.

"म्हंजे प्रश्न बी तूच घालतीस आणि उत्तर बी तूच सांगतीस?"

"हो."

"मग त्यो बाबा काय करतोय मधी?"

"हमाली."

तो हसला नाही. "हे बघ, मारायचं तर मार आणि मोकळी हो. मांजरागत खेळवत बसू नगंस. तुज्याकडं वही हाय न्हवं? ठेव म्होरं."

"अजून नाही. त्यांनी आधी स्वतःच्या हातानं लिहायला पाहिजे, हे काम माझं आहे म्हणून. सगळ्यांपुढं. मग ठेवते."

"आणि न्हाई लिवलं तर?"

"लिहितील. मी ओळखते त्यांना."

सुहासनं हात धुतला आणि दुकानात गेला. त्याला माझं म्हणणं आवडलं नाही, हे त्याच्या चपला घालण्यावरून कळलं. मला पर्वा नव्हती. मी वहीच्या एक्केचाळीस पानांचे फोटो काढून ठेवले होते. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, माझं अक्षर. दोन पानांवर कडेला मुलीसाठी सुचलेली नावंही लिहिलेली होती.

त्या दुपारी मी पुढचा प्रश्न टाकला. पान आणायला गेलेला गडी वाटेतच मेला तर दुसरा कुणी धाडावा लागतो. मी लिहिलं, 'अशा वेळी रांगेत सगळ्यांत शेवटी आलेल्याला का पाठवता? पहिल्याला का नाही?'

या खेपेला फोन लगेच आला नाही. तासाभरानं आला. आवाज थोडा खाली होता.

"शेवटच्याला का पाठवायचं गं, केतकी?"

हे सांगताना मात्र मी रंगले. खोटं कशाला बोलू, ती माझ्या सगळ्या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट होती. "सर, पहिला आलेला फार वेळ थांबलेला असतो ना. तो कंटाळून निघून गेलेला असण्याचीच शक्यता जास्त. त्याला पाठवलं तर तोही वाटेत गळायचा. शेवटचा ताजा असतो, तो नक्की परत येतो."

"हं."

"हे मला एका रविवारी सुचलं होतं. रेशनच्या रांगेत."

"हुशार आहेस," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मग फोन ठेवला, आणि तासाभरात ते उत्तरही पानावर त्यांच्या नावानं आलं.

गुरुवारी अकरा वाजता त्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी प्रश्न नव्हता.

"केतकी, तुला म्हणून सांगतो. चार महिने घरी आहे मी. विभाग बंद झाला तेव्हा आम्हा सगळ्यांनाच काढलं."

"अरेरे."

"बावन्न वर्षांच्या माणसाला कोण घेतं? एका ठिकाणी बोलणं होत आलंय. ते लोक देवडीच वापरतात. सोमवारी शेवटची भेट आहे. शुक्रवारी पाचला नव्या आवृत्तीची यादी बंद होते, त्यात हे माझ्या नावानं गेलं की काम झालं. नाही गेलं तर..."

"जाईल की, सर."

"तू फार मदत केलीस."

"त्यात काय."

फोन ठेवल्यावर मला आनंद झाला. सांगायला लाज वाटावी इतका झाला. चोराची गरज जितकी मोठी तितकं त्याचं पकडलं जाणं मोठं, असा काहीतरी हिशेब डोक्यात होता. मी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःपुरता चहा केला, त्यात दुप्पट आलं घातलं, आणि पानावर शेवटचा शेरा लिहिला: 'तांत्रिक शंका संपल्या. खालची ओळ राहिली आहे. हे काम कोणी केले, ते नियमाप्रमाणे लिहावे.'

दहा मिनिटांत फोन.

"तो विचारतोय, काम कुणी केलं."

"अच्छा."

"काय लिहू?"

"ते तुम्हीच ठरवायचं, सर."

"तसं टीमचंच होतं ना ते?"

"तसं लिहा मग."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय."

खालच्या गल्लीतल्या मागांची खडखड फोनमधून त्यांना ऐकू जात असणार. "बरं," ते शेवटी म्हणाले, "बघतो."

दिवसभर त्यांनी काही लिहिलं नाही. मी दर पाच मिनिटांनी पान उघडत होते. एक्केचाळीस फोटो एकाखाली एक लावून तयार होते, फक्त बटण दाबायचं होतं. वर एकच वाक्य लिहून ठेवलं होतं, ते चार वेळा बदलून शेवटी साधंच ठेवलं: 'हे काम यांचे नाही.'

शुक्रवारी सकाळी दहा वाजता त्यांनी लिहिलं.

'हे काम माझे नाही. ते केतकी शिरगुप्पे हिने सात वर्षांच्या नोकरीतल्या शेवटच्या वर्षी, गरोदर असताना, एकटीने केले. ती रजेवर असताना मी ते माझ्या नावाने मांडले. गेल्या तीन दिवसांत येथे दिलेली उत्तरेही तिचीच आहेत. नाव तिचे लागावे. मी फक्त पोहोचवणारा. — अभिराम सबनीस.'

मी ते तीनदा वाचलं. मग खाली बघितलं. पोर्तुगालमधून कुणी लिहिलं होतं, असा प्रामाणिकपणा दुर्मीळ. चेन्नईच्या एका मुलीनं लिहिलं, माझ्या साहेबांना हे दाखवणार आहे. अंगठे, टाळ्या, नमस्कार. दुपारी बारापर्यंत साठ-पासष्ट जणांनी सबनीसांची पाठ थोपटली. मी ते एक्केचाळीस फोटो समोर घेऊन बसले होते, आणि ते आता कुणाला दाखवायचे हे मला कळत नव्हतं. काम त्यांनी नेलंच होतं, आता माझा सूडही त्यांनीच नेला, आणि वर लोकांनी त्यांना हार घातले. मी इतकी चिडले की लॅपटॉपचं झाकण आपटलं, ते अजून एका बाजूनं उचकटलेलं आहे.

साडेबाराला मास्तरांचा फोन आला. परीक्षकांची खरी नावं त्यांना एकट्याला ठाऊक असत.

"केतकीबाई, ही शिरगुप्पे म्हणजे तुम्हीच ना?"

"हो, मास्तर."

"'ओळख नाही' असं लिहिलं होतंत."

"हो."

"का?"

उत्तर त्यांनी ओढून काढलं नाही. कागद चाळल्याचा आवाज आला.

"परीक्षक म्हणून तुमचं काम आजपासून थांबलं. ते वेगळं. पण आता नियमाप्रमाणे मूळ लेखिकेची संमती लागते, आणि ती तुम्ही आहात. हो म्हणालात तर दोन्ही नावं लागतील, आधी तुमचं, खाली पोहोचवणारा म्हणून त्यांचं. नाही म्हणालात तर हे काम देवडीत येणार नाही. पाच वाजेपर्यंत कळवा." मग आवाज जरा बदलून म्हणाले, "चांगलं काम आहे हो. शेवटच्याला पाठवायचं, ते फार चांगलं आहे."

मास्तरांनी कुणाला चांगलं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मला रडू आलं. पाच वर्षं मला हेच हवं होतं, आणि ते असं समोर आलं होतं की ते घ्यायचं तर सबनीसांना सोमवारची नोकरीही द्यायची.

तीन वाजता सबनीसांचा फोन आला.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"तेवढी संमती देऊन टाक, म्हणजे झालं. वर नाव तुझंच आहे. खाली माझं आलं तरी सोमवारी मला तेवढं पुरेल."

"तुम्ही लिहाल असं वाटलं नव्हतं, सर."

"मला माहीत होतं, ती तू आहेस."

"कधीपासून?"

"बुधवारपासून. शेवटच्याला का पाठवता, विचारलंस ना? मी पाठवलेल्या प्रतीत ते नाहीच. त्यात पहिल्यालाच पाठवतात. जी ओळ तिथं नाही तिच्याबद्दल दुसरं कोण विचारणार?"

खरं होतं. मला तो प्रश्न पडला तेव्हा मी त्यांची प्रत बघतच नव्हते. माझ्या डोक्यात माझं काम होतं, पूर्ण झालेलं, त्यांनी कधी न पाहिलेलं. मी त्याच्याबद्दल विचारून बसले होते.

"मग फोन कशाला करत राहिलात?"

"वाटलं, तूच म्हणशील. 'सर, ती मी आहे' म्हणून. म्हणजे मला बोलायला सोपं गेलं असतं."

"म्हणजे पकडले गेलात म्हणून लिहिलंत."

"असेल तसंही," ते म्हणाले. "पण लिहिलं ना?"

लिहिलं होतं. चोरीचं म्हणाल तर तिथं ती फिटली होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी फक्त एकच गोष्ट विचारली, जी इतक्या वर्षांत सुहासलाही कधी बोलले नव्हते.

"सर, मी सोडताना तुम्ही माझा अहवाल लिहिला होता. त्यातली शेवटची ओळ आठवते?"

"कुठला अहवाल?"

"वार्षिक. टीम बदलली तरी माझा तुम्हीच लिहिला होता."

त्यांनी खरंच आठवायचा प्रयत्न केला. मला ते ऐकू येत होतं. "नाही गं. काय होतं?"

"'सांगितलेले काम करते, स्वतःहून काही सुचत नाही.' त्यानंतर मी दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. दोन्हीकडे निवड होत आली होती. दोघांनी तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही त्यांना हीच ओळ वाचून दाखवलीत. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी मला ती सांगितली, दया येऊन. म्हणून मी घरी आहे, सर. पापड लाटतेय."



"अगं, ते मी सगळ्यांनाच लिहायचो," सबनीस म्हणाले. "साचा होता तो. त्यात तुझ्याबद्दल असं काही नव्हतं."

ते हे समजूत घालायला म्हणाले, असं मला वाटतं. त्यांना वाटलं, हे ऐकून माझं दुखणं कमी होईल. मी इतकी वर्षं ती ओळ धरून बसले होते, का तर निदान माझा द्वेष करून, मला घाबरून, माझं काम झाकायला म्हणून त्यांनी ती लिहिली असेल. त्यांनी माझा विचारसुद्धा केलेला नव्हता.

"ठेवते, सर," मी म्हणाले.

"संमती देतेस ना?"

मी फोन ठेवला.

सुहास चारला आला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग स्क्रीनकडं. सबनीसांचं लिहिलेलं त्यानं बोट फिरवत वाचलं. "झालं की मग," तो म्हणाला. "नाव आलं तुझं. घे की ते. त्येच्या नोकरीशी तुला काय करायचंय?"

"काही नाही."

"मग दे."

"नाही देत."

"अगं, तुझंच काम पडंल की कचऱ्यात."

"पडू दे."

तो मुलीला शाळेतून आणायला गेला. पावणेपाचला मी लिहिलं: 'हे काम माझे आहे. ते देवडीत वापरायला माझी संमती नाही. — केतकी शिरगुप्पे.' पाच वाजता यादी बंद झाली.

सबनीसांना ती नोकरी लागली नाही. हे मला कुणी सांगितलं नाही, मी शोधून काढलं. पुढं वर्ष-दीड वर्षानं नाशिककडं कुठंतरी लागली म्हणे, निम्म्या पगारावर. त्यांनी मला पुन्हा फोन केला नाही. मास्तरांनीही नाही. दोन वर्षांनी फिनलंडच्या कुणीतरी तीच सुधारणा आपल्या पद्धतीनं करून पाठवली, ती देवडीत गेली. मी ती बारकाईनं वाचली. गडी मेला तर तो पहिल्यालाच पाठवतो. माझं जास्त चांगलं होतं.

मला कुणी विचारलं, पस्तावलीस का, तर मी नाही म्हणते. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच लिहीन. फक्त क्रमांकाआड लपून चार दिवस काढणार नाही, पहिल्याच दिवशी नावानिशी लिहीन.

ते चर्चेचं पान अजून तिथं आहे, कुणालाही उघडता येतं. देवडीच्या सगळ्या इतिहासात माझं नाव त्या एकाच पानावर सापडतं, दोनदा. वर सबनीसांनी लिहिलेलं, खाली मी. अजूनही अधूनमधून कुणीतरी येऊन सबनीसांच्या वाक्याला अंगठा देऊन जातं. माझ्या वाक्याला आजवर कुणी काही दिलेलं नाही, मी बघत असते.